नऊ टाक्या हवा

नवंकोरं गाळणं बसवल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त धूर कसा काय ओकू शकते?

शनिवारी सकाळी वसमतमधल्या एका अंगणात तिघंजण याच प्रश्नापुढे हात टेकून उभे होते. एक होती ऋजुता देवसरकर, इयत्ता सातवी. दुसरे तिचे आजोबा, डॉक्टर त्र्यंबक देवसरकर. ते औषधाचे डॉक्टर नव्हेत. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हवेच्या प्रवाहांचा अभ्यास करण्यात घालवली होती आणि म्हातारपणी ते गावी परतले होते. तिसरा होता ठोकळा. तो यंत्रमानव होता, अंगाने चौकोनी आणि स्वभावानेही. पोटात गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांची माहिती आणि तोंडात एकच सल्ला.

"भंगारात द्या," ठोकळा म्हणाला.

"तू गप रे," ऋजुता म्हणाली.

काळ फार लांबचा नाही. हे वाचणाऱ्या तुम्हा मुलांची मुलं शाळेत जायला लागतील, साधारण तेव्हाचा. रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या गाड्या बॅटरीवर पळत होत्या. इंजिनाची गाडी दिसली की पोरं हत्ती आल्यासारखी तिच्यामागे धावत. आजोबांची जुनी व्हॅन मात्र अजून पेट्रोलवर चाले. ते पेट्रोल जमिनीतून काढलेलं नसे. शेतातल्या तुराट्या-पऱ्हाट्यांपासून (तूर आणि कापसाच्या वाळक्या काड्यांपासून) ते बनवत, म्हणून सरकारने अशा गाड्यांना परवानगी ठेवली होती. अट एकच होती, धूर मर्यादेत हवा.

या व्हॅनचं नाव खडखडी. तिच्या पोटात होती आजोबांची फिरती प्रयोगशाळा. भिंगं, चुंबकं, काचेच्या नळ्या, एक छोटी दुर्बीण, असलं सगळं सामान घेऊन खडखडी दर रविवारी आडवळणाच्या एखाद्या गावातल्या शाळेत जाई. पण आजोबांचा हात आता थरथरू लागला होता. नळीत ओतायचं पाणी टेबलावर सांडे. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, उद्या बोरगव्हाणच्या शाळेत प्रयोग ऋजुताने करायचा. एकटीने, सगळ्यांसमोर. कोणता ते तिचं तिने ठरवायचं होतं. ते काही ठरत नव्हतं, आणि आता तर प्रयोगशाळाच राहते की जाते अशी वेळ आली होती.

झालं असं की, मागच्या आठवड्यात खडखडी धुराच्या तपासणीत नापास झाली. दुसरी आणि शेवटची संधी आज दुपारी होती. आज नापास झाली तर गाडी तिथूनच भंगारात जाणार. नव्या बॅटरीच्या व्हॅनसाठी नंबर लावला होता, पण तो यायला अजून दोन वर्षं होती. दोन वर्षं प्रयोगशाळा बंद!

म्हणूनच काल संध्याकाळी आजोबा-नातीने मिळून खडखडीचा एअर फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळणारं गाळणं) बदलला होता. हळदीचा हंगाम होता. वसमतमध्ये त्या दिवसांत जिकडेतिकडे हळद पॉलिश करायचे ढोल फिरत असतात आणि हवाच पिवळी होते. जुना फिल्टर निघाला तोही हळदीने असा माखलेला, की लग्नघरातून आल्यासारखा. नवा पांढराशुभ्र बसला. आता गाडी पास होणारच, म्हणून रात्री शिराही झाला होता.

आणि सकाळी गाडी चालू केली तर ही तऱ्हा! नुसती चालू असताना खडखडी कुरकुरत होती, आणि ॲक्सिलरेटर दाबला की काळा लोट.

कुंपणापलीकडून सोजरबाईंचा आवाज आला. त्यांची हळद अंगणात वाळत पडली होती.

"अहो डॉक्टर, माझी हळद काळी करायलात की तुम्ही! ही मी आता हळद म्हणून विकू का बुक्का म्हणून?"

"बंद करतो, बाई, बंद करतो," आजोबा ओशाळून म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

ऋजुता गाडीच्या पायरीवर मटकन बसली. "आजोबा, आपण सगळं नीट केलं. मग ही अशी कामून वागायली?"

"ती मुद्दाम काही करत नाही, ऋजू. तिला काहीतरी होतंय आणि ती ते धुराने सांगतेय. आपल्याला तिची भाषा कळली पाहिजे." आजोबा यंत्रमानवाकडे वळले. "ठोकळेराव, इंजिन जरा निवू द्या आणि एक स्पार्क प्लग काढा."

स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारी बोटाएवढी खुंटी) ठोकळ्याने काढून दिला. त्याचं टोक काळंकुट्ट झालं होतं. ऋजुताने बोट लावलं, तर बोटाला कोरडी काजळी आली.

"अशी काजळी आणखी कुठे पाहिलीस?" आजोबांनी विचारलं.

ऋजुताने आठवून पाहिलं. "कंदिलाच्या काचेवर. तुम्ही प्रयोग करताना वरून झाकण लावता ना, तेव्हा ज्योत लाल होते आणि काच काळी होते."

"कशामुळे?"

"हवा कमी पडते म्हणून."

"मग?"

"मग गाडीलाही हवा कमी पडायली?" ऋजुता म्हणाली खरी, पण लगेच तिने मान हलवली. "पण आजोबा, गाडी पेट्रोलवर चालते. हवेवर थोडीच चालते!"

आजोबांपुढे असा प्रश्न आला की त्यांची कळी खुलत असे. ते पायरीवर तिच्या शेजारी बसले.

"बघ हं. इंजिनात सिलिंडर असतो (एक पोकळ नळकांडं, त्यात दट्ट्या वरखाली होतो). दट्ट्या खाली गेला की आत हवा आणि पेट्रोलची वाफ ओढली जाते. वर आला की तो ते दोन्ही दाबतो. मग ठिणगी पडते, भडका उडतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. त्या ढकलण्यावर चाकं फिरतात. आता सांग, भडका उडायला काय काय लागलं?"

"पेट्रोल, ठिणगी… आणि हवा."

"आणि हवा किती लागते, काही अंदाज? एक लिटर पेट्रोल नीट जळायला?"

"दोन लिटर? पाच?"

आजोबांनी गच्चीवरच्या पाण्याच्या काळ्या टाकीकडे बोट दाखवलं. "ती टाकी हजार लिटरची आहे. तशा नऊ टाक्या भरून हवा लागते."

ऋजुताचे डोळे विस्फारले. नऊ टाक्या! एवढ्याशा बाटलीभर पेट्रोलला! तिने खडखडीकडे पाहिलं. बिचारी रस्ताभर टाक्यांमागून टाक्या हवा पीत असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

"म्हणजे गाडीला पेट्रोलपेक्षा हवेचीच भूक मोठी," ती म्हणाली.

"अगदी बरोबर. आणि हवा कमी पडली तरी जुनं इंजिन काही पेट्रोल कमी घेत नाही. याच्यात कार्ब्युरेटर आहे (हवेत पेट्रोल कालवणारं भांडं). इंजिनाची ओढ असते ती असतेच. हवेची वाट चोंदली की तीच ओढ पेट्रोलवर पडते. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, मग ते अर्धवट जळतं."

"आणि सोजरबाईंच्या हळदीचा बुक्का होतो."

आजोबा मनापासून हसले.

"निष्कर्ष," ठोकळा म्हणाला, "हवेची वाट चोंदली आहे. नोंदीप्रमाणे फिल्टर नवा आहे. नवा फिल्टर चोंदत नाही. म्हणून दोष इंजिनात आहे. म्हणून भंगारात द्या."

ऋजुताला काही तो निष्कर्ष पटला नाही. पण खोडून कसा काढायचा, तेही कळेना.

"नोंद राहू दे बाजूला," आजोबा म्हणाले. "ऋजू, तू हवा आहेस असं समज आणि बाहेरून इंजिनात जायला नीघ. कुठे अडतेस ते मला सांग."

ऋजुता उठली. हवा आत शिरते त्या नळीच्या तोंडात तिने डोकावलं, वाट मोकळी होती. नळीवरून बोट फिरवत ती पुढच्या सीटपर्यंत आली. ठोकळ्याने सीट उचलली. खाली फिल्टरचा गोल डबा होता. झाकणाच्या मधला नट तिने हाताने फिरवला, कडेच्या चिमट्या उघडल्या आणि झाकण उचललं.

डब्यात फिल्टर होता. आणि फिल्टरभोवती, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं, पांढरं कापड गुंडाळलेलं होतं.

आजोबा वाकून बघतच राहिले. "हे काय?"

"ते होय? ते मी घातलं," ऋजुता सहजपणे म्हणाली. "काल तुम्ही चहाला आत गेलात ना, तेव्हा. आजीच्या पेटीतलं तुमचं जुनं धोतर. चार घड्या केल्या. आई नाही का पाणी गाळताना हंड्यावर फडकं दुहेरी करते? उटण्याची हळद आपण वस्त्रगाळ करतो. तसंच, गाडीची हवापण वस्त्रगाळ! एवढी धूळ उडायली, तर एक गाळणं कसं पुरेल?"

असली चूक कुठल्याही दुकानातल्या कारागिराने केली नसती. ती आपल्या घरात वाढलेलं, पाणी कसं गाळतात ते रोज पाहणारं, आणि गाडीवर जीव असलेलं पोरच करू जाणे. आजोबांच्या हे लगेच लक्षात आलं. रागावायचा तर प्रश्नच नव्हता.

"धोतराचा तुकडा उरलाय का?"

"आहे की."

"मग आण. आणि आधी तुझा रोजचा स्कार्फ बांध तोंडाला."

मार्च महिन्यात मराठवाड्यातली कुठलीही मुलगी स्कार्फशिवाय घराबाहेर पडत नाही. ऋजुताने सराईतपणे स्कार्फ बांधला. आजोबांनी तिला फाटकापासून कडुनिंबापर्यंत पळत जाऊन यायला सांगितलं. ती गेली आणि आली. थोडी धाप लागली, बस्स.

मग धोतराचा तुकडा चार घड्या करून तिने नाकातोंडावर घट्ट बांधला. "आधी चालत जा," आजोबा म्हणाले. ती चालत जाऊन आली. काहीच वाटलं नाही. "आता पळ."

ती पळाली. कडुनिंबापर्यंत कशीबशी पोचली. परत येताना मात्र जीव घाबरा झाला. छाती भरभर ओढत होती आणि कापड नाकाला चिकटत होतं. अर्ध्या वाटेत तिने ते ओरबाडून काढलं आणि गुडघ्यांवर हात टेकून ती धापा टाकत राहिली.

तिला समजलं होतं. तिने खडखडीच्या उघड्या डब्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"म्हणजे मीच… मीच तिचा श्वास कोंडला."

"हो," आजोबा म्हणाले. खोटं सांगून समजूत घालणं त्यांना जमत नसे. "पण ज्या विचाराने ते केलंस तो विचार चांगला होता. फक्त त्यातली अर्धीच बाजू तू धरलीस. गाळण्याची कामं दोन असतात. नको ते अडवायचं आणि हवं ते जाऊ द्यायचं. हंड्यावर तू चार काय, आठ घड्या कर, पाणी थेंबथेंब पडेल आणि आपण थांबू. पाणी गाळताना घाई नसते. इंजिन थांबू शकत नाही, त्याला नऊ टाक्या आत्ताच्या आत्ता हव्या असतात."

ऋजुताने डोळे पुसले. "मग तपासणीपुरता फिल्टरच काढून टाकू या का? मोकळी हवा मिळेल."

"योग्य उपाय," ठोकळा म्हणाला. "धूर त्वरित कमी होईल." आयुष्यात पहिल्यांदाच तो भंगाराशिवाय काही बोलला होता.

"धूर कमी होईल," आजोबा म्हणाले, "आणि मातीचे कण आत जातील. आतल्या तेलात ते मिसळले की सहाणेवर उगाळल्यासारखं इंजिन झिजत जाईल. आज पास होऊन पावसाळ्यापर्यंत मेलीच समजा. नाही, आपल्याला दोन्ही पाहिजे. धूळ बाहेर आणि हवा आत."

"पण दोन्ही एकदम कसं जमेल? बारीक छिद्रं ठेवली तर हवा अडणार, मोठी ठेवली तर धूळ शिरणार."

"छान! आता खऱ्या कोड्याशी आलीस. हे कोडं कुणीतरी आपल्याआधी सोडवलंय. तो जुना फिल्टर घे आणि काप."

जुना फिल्टर डोक्यावरच्या चुंबळीसारखा गोल होता. ऋजुताने कात्री लावली आणि कडा सोडवल्या. आतल्या कागदाला दाट चुण्या होत्या. तिने एक टोक धरून ओढलं, तर कागद उलगडतच गेला. पायरीवरून खाली, खालून फरशीवर, फरशीवरून पार तुळशीपर्यंत. खडखडीपेक्षा थोडाच कमी लांब!

"एवढासा होता की हा!" ती ओरडली.

"नऊवारीच्या निऱ्या कशा असतात? एवढं मोठं लुगडं, पण चिमटीत मावतं."

ऋजुता त्या लांबलचक कागदाकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या डोक्यात प्रकाश पडू लागला. "छिद्रं बारीकच आहेत. पण कागद एवढा मोठा आहे, की छिद्रं खूप आहेत. एकेका छिद्रातून थोडीथोडीच हवा गेली, तरी सगळी मिळून नऊ टाक्या होतात!"

"याला पृष्ठफळ वाढवणं म्हणतात (वस्तूच्या उघड्या बाजूची जागा वाढवणं). चुण्यांनी जागा तेवढीच ठेवून पृष्ठफळ वाढवलं. आणि तू वरून कापड गुंडाळलंस तेव्हा सगळ्या चुण्यांची तोंडं झाकली गेली."

मग कामाला वेग आला. आजोबा सांगत होते आणि हात ऋजुताचे होते. तिने कापड काढलं. डब्यातली पिवळी धूळ ओल्या फडक्याने टिपून घेतली. फुंकर मारायची नाही, नाहीतर धूळ इंजिनाच्या तोंडात जाते. नव्या फिल्टरच्या रबरी कडा नीट बसल्या का, ते तिने बोट फिरवून पाहिलं, कारण कडेला फट राहिली तर हवा न गाळता तिथूनच आत घुसते. झाकण, चिमट्या, नट. ठोकळ्याने प्लगांवरची काजळी ब्रशने घासून काढली.

आजोबांनी किल्ली पुढे केली. ऋजुताने ती फिरवली. खडखडी खाकरली, थरथरली आणि चालू झाली. पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर पुन्हा काळा लोट आला! ऋजुता पाय उचलायला लागली.

"थांब, दाबून ठेव," आजोबा म्हणाले. "धुराच्या नळीत साचलेली जुनी काजळी आहे ती. जाऊ दे बाहेर."

लोट विरळ झाला. मग राखाडी झाला. मग दिसेनासा झाला. कुंपणापलीकडून सोजरबाई म्हणाल्या, "आता कसं, गाडी शहाणी झाली की!"

तरी तपासणी केंद्रावर पोचेपर्यंत ऋजुताच्या जिवात जीव नव्हता. तपासनीस बाई तरुण होत्या आणि चेहऱ्यावरून काही कळू देत नव्हत्या. त्यांनी धुराच्या नळीत यंत्राची सळई घातली आणि पडद्यावर आकडा चढायला लागला. चढता चढता तो लाल रेघेजवळ आला. ऋजुताने आजोबांचा हात घट्ट धरला. आकडा रेघेखाली घुटमळला, आणि तिथेच थांबला.

"पास," बाई म्हणाल्या. मग त्यांनाच राहवलं नाही. "मागच्या खेपेला लई धूर होता हो. काय केलं तरी काय?"

"माझ्या नातीला विचारा," आजोबा म्हणाले. ऋजुताने सांगितलं, धोतरासकट सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही. उलट बाई ऐकता ऐकता यंत्र बंद करायचंही विसरल्या. उद्या कोणता प्रयोग करायचा ते ऋजुताला तिथेच कळलं.

रविवारी बोरगव्हाणच्या शाळेच्या पटांगणात पोरं अर्धगोल करून बसली. ऋजुताने दोघांची तोंडं घडीच्या कापडाने बांधली, त्यांना पळवलं, हसवलं. चुण्यांचा कागद पहिल्या पोराच्या हातात देऊन शेवटच्या पोरापर्यंत उलगडत नेला. नऊ टाक्यांचं सांगितल्यावर सगळ्यांनी खडखडीकडे अशा आदराने पाहिलं, की ठोकळाही जरा ताठ उभा राहिला.

मग पहिल्या ओळीतल्या मुक्ता नावाच्या चिमुरडीने विचारलं, "ताई, हवा तर आपुनपण घेतो. मग आपलं नाक कामून बदलावं लागत नाही?"

पटांगण हसलं. ऋजुता मात्र हसली नाही. प्रश्न खरा होता आणि उत्तर तिला येत नव्हतं. तिने आजोबांकडे पाहिलं, तर ते आभाळाकडे पाहू लागले. नाकात केस असतात आणि ओलावा असतो, त्याला धूळ चिकटते, एवढं तिला ठाऊक होतं. तेवढं तिने सांगितलं. "पण मग ती चिकटलेली धूळ जाते कुठे," ती म्हणाली, "ते मला अजून—"

वारा आला. कुठल्यातरी ढोलाची हळद घेऊन आला. मुक्ताने तोंड वाकडं केलं, डोळे मिटले आणि सटकन शिंकली.

ऋजुता जवळजवळ ओरडलीच, "ती बघा! ती बाहेर गेली! नाक स्वतःच स्वतःला झाडून घेतं!" आणि ती गर्रकन वळली. "ठोकळेराव, शिंकणारा फिल्टर मिळतो का? चोंदला की आपोआप धूळ उडवून टाकणारा?"

"माझ्या सुट्या भागांच्या माहितीत अशी वस्तू नाही," ठोकळा म्हणाला.

"मग आपण करू! गाडीलाच कशाला, लोक चंद्रावर राहायला निघालेत. तिथली धूळ म्हणे काचेच्या चुऱ्यासारखी असते. तिथं नवा फिल्टर आणायला कुठलं दुकान आहे? तिथं शिंकणाराच पाहिजे!"

पोरं एकदम बोलायला लागली. कुणी म्हणालं आतून उलटी हवा सोडू, कुणी म्हणालं ढोलासारखा हलवू. त्या गोंधळात आजोबा आपल्या खुर्चीवरून उठले, मुलांच्या मागच्या ओळीत जाऊन मांडी घालून बसले आणि त्यांनी हात वर केला.

"ताई," ते म्हणाले, "माझी एक शंका आहे. शिंकायची वेळ झाली, हे त्या फिल्टरला कळणार कसं?"